एका जागी पट्टा बांधून शंभर मीटर पाइप तपासणं: गायडेड वेव्हमध्ये खरं किती, जाहिरात किती?

परांचीवाला (धागालेखक)

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की आमच्याकडे एक एजन्सी आली, म्हणते पाइपला एका जागी पट्टा बांधतो आणि दोन्हीकडचे शंभर मीटर तपासून देतो, इन्सुलेशन काढायची गरज नाही. खरं की थापा? तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते भलतंच लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

थापा नाहीत. या पद्धतीला गायडेड वेव्ह म्हणतात. पण 'तपासून देतो' म्हणजे नेमकं काय देतात हे पर्चेसवाल्याला कुणी सांगत नाही, आणि सगळी गडबड तिथून सुरू होते.

अल्ट्रासोनिक (कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या) लाटांनी जाडी मोजायचा नेहमीचा प्रकार बहुतेकांनी पाहिलेला असतो. प्रोबला जेल लावायचं, पाइपवर टेकवायचा, आकडा वाचायचा. वारंवारता ५ मेगाहर्ट्झच्या आसपास, पोलादात लाटेची लांबी सव्वा मिलिमीटर. म्हणून आकडा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत येतो, पण तो प्रोबखालच्या तेवढ्या ठिपक्याचा. शेजारी चार बोटांवर भिंत सडली असेल तरी त्याला पत्ता नाही. शिवाय प्रोब टेकवायला उघडं पोलाद लागतं. पाइपरॅकवर वीस फूट उंचीवर, वर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं क्लॅडिंग, आत रॉकवूल (इन्सुलेशनची खनिज लोकर), अशी लाइन असेल तर आधी परांची, मग क्लॅडिंग कापणारा, मग परत बांधणारा. मोजणारा माणूस दहा मिनिटं काम करतो आणि त्याच्यासाठी बाकीचे चार दिवस.

गायडेड वेव्हमध्ये वारंवारता पार खाली आणतात, ढोबळमानाने २० ते १०० किलोहर्ट्झ. लाट दहा सेंटिमीटर वगैरे लांब होते आणि तिच्यापुढे पाइपची भिंत फारच पातळ पडते. मग लाट भिंतीत आरपार जाऊन परत येत नाही. भिंतीची अख्खी जाडी एकदम हलते आणि ती हालचाल पाइपच्या लांबीने धावत सुटते. पाइपभोवती कॉलर बांधतात, तिच्यात पिझो घटकांच्या (वीज दिली की थरथरणाऱ्या आणि थरथरले की वीज देणाऱ्या तुकड्यांच्या) दोन किंवा जास्त ओळी असतात. मोठ्या व्यासाला कॉलरमध्ये हवा भरून घटक पाइपवर दाबून बसवतात. जेल लागत नाही. ओळी दोन असल्यामुळे प्रतिध्वनी डावीकडून आला की उजवीकडून, हेही वेगळं करता येतं.

सर्वांत जास्त वापर पिळाच्या लाटेचा होतो, तिचं नाव टी-शून्य-एक. पोलादाचा कण परिघाच्या दिशेने इकडे-तिकडे हलतो, आतबाहेर नाही. याचा फायदा मोठा आहे. पाण्यासारख्या पातळ द्रवाला पीळ जवळजवळ देताच येत नाही, त्यामुळे लाइन भरलेली असली तरी लाट द्रवात सांडत नाही. चालू लाइनवर काम होतं. वेग सुमारे ३२५० मीटर प्रति सेकंद, आणि वारंवारता बदलली तरी तोच राहतो. वीस मीटरवरच्या वेल्डचा प्रतिध्वनी बारा मिलिसेकंदांत परत कॉलरपाशी.

आता मुद्द्याचं. ही लाट जाडी मोजत नाही. पाइपच्या काटछेदाचं क्षेत्रफळ जिथे अचानक बदलतं तिथून तिचा थोडा भाग परत फिरतो, एवढंच. आठ इंची, शेड्यूल ४० चा (भिंतीच्या जाडीची एक ठरावीक श्रेणी) पाइप घ्या. बाहेरचा व्यास २१९.१ मिमी, भिंत ८.१८ मिमी. काटछेदाचं क्षेत्रफळ सुमारे ५४२० चौरस मिमी. नोंद घ्यायची पातळी साधारणपणे ५ टक्क्यांवर ठेवतात, म्हणजे २७१ चौरस मिमी. भिंत निम्मी खाल्ली गेली असेल तर तो डाग परिघावर जवळपास ६६ मिमी रुंद असला, तेव्हा कुठे या पातळीला पोचतो. आणि उलट बाजूने बघा. परिघावर २० मिमी रुंदीचं आरपार भोक असेल तर क्षेत्रफळ गेलं फक्त ३ टक्के. म्हणजे ज्यातून बोट जाईल असं भोक या पातळीच्या खालीच राहू शकतं.

हे वाचून पद्धत वाईट असं समजू नका. ती चाळणी आहे. कुठे उघडून बघायचं ते सांगते. 'जाडी किती उरली' हा प्रश्न तिला विचारलाच नाही तर ती फार कामाची आहे.

नवशिकी

वाचनखूण साठवली. मी इन्स्पेक्शनमध्ये नवीन आहे, लोट्याला. गेल्या महिन्यात ट्रेस (परत आलेल्या प्रतिध्वनींचा आलेख) पाहिला, त्यात एक काळी रेघ आणि एक लाल रेघ होती. एजन्सीचे काका लाल रेघ बघून खूश किंवा नाराज होत होते. मला सगळी टोकं सारखीच दिसली. त्या लाल रेघेचं काय असतं?

परांचीवाला

तुमचे काका बरोबर ठिकाणी बघत होते. कॉलर चहूबाजूंनी सारखा पीळ देते. समोर वेल्ड आला तर तोही चहूबाजूंनी सारखाच जाड, म्हणून परत येणारी लाटही सारखी. ती काळ्या रेघेत दिसते. गंज असा गोल, शहाण्यासारखा लागत नाही. तो बहुधा खालच्या बाजूला, पाणी साचतं तिथे लागतो. एकाच बाजूने अडथळा आला की पिळाच्या लाटेचा काही भाग वाकण्याच्या लाटेत बदलतो आणि पाइप डोलत असल्यासारखी लाट परत येते. तीच लाल रेघ.

काळी उंच आणि लाल जवळजवळ नाही: बहुतेक वेल्ड. काळी मध्यम आणि लाल तिच्या बरोबरीला: तिथे खडूची खूण करा. अरुंद पण खोल डागात लाल काळीच्या जवळ जाते, परिघभर पसरलेल्या गंजात लाल उतरते. म्हणून दोन रेघांच्या गुणोत्तरावरून डाग परिघावर किती पसरलाय याचा अंदाज येतो.

आणि वेल्ड नेमके कुठे आहेत ते आधी कागदावर लिहून घ्या. वेल्डचा प्रतिध्वनी साधारण २० टक्के धरतात, म्हणजे उणे १४ डेसिबल, आणि त्याच्यावरूनच बाकीची मोजपट्टी बसवतात. अंतराबरोबर लाट क्षीण होत जाते, म्हणून मोजपट्टी तिरकी उतरत जाते. वेल्डच चुकीचा ओळखला तर पुढचा सगळा रिपोर्ट कोसळतो.

तरंग

भौतिकीवाली आहे, प्लांटमध्ये कधी पाय ठेवलेला नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

यातलं गणित तपासणीच्या धंद्यापेक्षा कितीतरी जुनं आहे. भरीव दांड्यातल्या लाटांवर पॉखहॅमर यांनी १८७६ मध्ये लिहिलं, पातळ पत्र्यातल्या लाटांवर होरेस लँब यांनी १९१७ मध्ये, आणि पोकळ नळीचं पूर्ण उत्तर गाझिस यांनी १९५९ मध्ये दिलं. मग पुढची तीसेक वर्षं हे सगळं कपाटात का पडून होतं? कारण नळीत एकाच वारंवारतेला डझनावारी प्रकारच्या लाटा एकदम धावू शकतात, आणि बहुतेकांचा वेग वारंवारतेप्रमाणे बदलतो. ठोका द्याल एक आणि परत येईल पसरट गोंगाट. ब्रिटनमध्ये हार्वेलला सिल्क आणि बेंटन यांनी १९७९ मध्ये हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांवर प्रयोग केले होते. पण एकच प्रकारची लाट निवडून सोडायची, तीही न पसरणारी, आणि त्यासाठी घटकांची अख्खी ओळ वापरायची, हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात नव्वदच्या दशकात जमलं. कॉली, ॲलिन, लोव ही त्यातली ठळक नावं. १९९९ मध्ये तिथूनच कंपनी निघाली. सुरुवातीला लांबीच्या दिशेने हलणारी लाट वापरायचे, पिळाची नंतर आली.

एक शंका. डाग लांबीने केवढा आहे यानेही फरक पडायला हवा ना? पुढची कड आणि मागची कड, दोन्हींवरून लाट परत येणार आणि दोघी एकमेकींना खाऊ शकतात.

परांचीवाला

अगदी. ३२.५ किलोहर्ट्झला लाट बरोबर दहा सेंटिमीटरची. डाग पाच सेंटिमीटर लांब आणि कडा सरळ असतील तर मागच्या कडेवरून आलेली लाट पुढच्या कडेवरच्या लाटेला जवळजवळ पुसून टाकते. अडीच सेंटिमीटरचा डाग मात्र सर्वांत मोठा दिसतो. म्हणून चांगला ऑपरेटर एका वारंवारतेवर कधी थांबत नाही, तीन-चार बदलून बघतो. कुणी एकाच वारंवारतेचा ट्रेस चिकटवून दिला तर रिपोर्ट परत पाठवा.

मुक्काम रुवैस

+१. आखातात बरीच वर्षं हेच काम करतोय, थोडी भर घालतो.

शंभर मीटर मिळतात, पण कधी? नवा पाइप, सरळ, रंगवलेला, जमिनीच्या वर, साध्या सपोर्टवर टेकलेला असेल तेव्हा. प्रत्यक्षात रिफायनरीत वीस-तीस मीटर एका बाजूला मिळाले तरी आम्ही समाधानी. बिटुमनचं जाड आवरण घालून पुरलेला पाइप असेल तर पाच-दहा मीटरमध्ये लाट विरते, कारण डांबर ती पिऊन टाकतं. पातळ इपॉक्सीचं आवरण असेल तर इतका त्रास नाही. काँक्रीटमधून पाइप जात असेल तर फार आशा धरू नका.

फ्लँज (दोन पाइप बोल्टने जोडणारी चकती) आला की संपलं, त्याच्या पलीकडे बघायचं तर पलीकडे कॉलर बांधा. एल्बोनंतर (पाइपच्या वळणाच्या तुकड्यानंतर) लाट वेडीवाकडी होते. पहिल्या एल्बोपलीकडचं थोडं वाचता येतं, दुसऱ्यानंतर जे दिसतं त्यावर मी सही करत नाही. कॉलरच्या अगदी जवळचा पट्टा आंधळा असतो, म्हणून कॉलर सरकवून परत एक फेरी घ्यायची आणि मधला भाग हाताने जाडी मोजून घ्यायचा. या सरकवण्याचे पैसे कोण देणार यावर साइटवर रोज भांडण.

बाकी धागा मस्त. खरी जागा सांगतो. रस्त्याखालून जाणारा पाइप, बाहेर केसिंगची नळी. तिथे खणता येत नाही आणि प्रोब पोचत नाही. दोन्हीकडून कॉलर बांधली तर मधे काही मोठं आहे की नाही ते तासाभरात कळतं. दुसरी जागा सपोर्ट. पाइप बीमवर टेकतो तिथे फटीत पाणी राहतं, रंग घासून जातो, आणि गंज बरोबर टेकणीखाली लागतो. पाइप उचलल्याशिवाय दिसत नाही, आणि पाइप इतका गेलेला असेल तर उचलताना फुटेल ही भीती.

हिशेबनीस

मी त्या बदनाम पर्चेसवाल्यांपैकी. प्रश्न सरळ आहे. चाळणी लावली, आठ जागी शंका आली. आता त्या आठ जागी परांची बांधायची, क्लॅडिंग काढायचं, जाडी मोजायची. मग पहिल्यांदाच सगळं का नाही काढायचं? दोनदा पैसे का?

परांचीवाला

कारण 'सगळं' कधीच काढलं जात नाही. ठरावीक टक्केवारी काढतात, आणि ती कुठली? जिथे शिडी पोचते ती. कोकण किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात (नाव नको) इन्सुलेशनच्या खिडक्या कायम खालच्या ओळीच्या पाइपांवरच कापलेल्या असायच्या. गंज वरच्या ओळीत होता, जिथे क्लॅडिंगचा सांधा उलटा बसवला होता आणि पावसाचं पाणी थेट आत जात होतं. रॉकवूल एकदा भिजलं की सहज वाळत नाही, वर समुद्राच्या हवेतलं मीठ. उणे १२ ते १७५ अंश सेल्सिअसच्या टापूत चालणाऱ्या कार्बन स्टीलच्या लाइनला इन्सुलेशनखाली गंजण्याचा धोका असतो, आणि जी लाइन कधी गरम कधी बंद अशी चालते तिची अवस्था सर्वांत वाईट.

आठ जागांची परांची आणि चारशे मीटरची परांची यातला फरक तुम्हीच काढा, तो तुमचा प्रांत. :)

हिशेबनीस

बरं. म्हणजे 'गायडेड वेव्ह केली, ओके आहे' असा शेरा मारून मी पाच वर्षं निवांत, असं नाही.

परांचीवाला

अजिबात नाही. आणि यासाठीच धागा काढला. रिपोर्टवर 'लक्षणीय संकेत नाही' असं लिहून येतं आणि फाइलीत त्याचं 'पाइप चांगला आहे' होऊन जातं. पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं कुणीही तपासलेलं नसतं.

एक प्रकार तर ही पद्धत सहज चुकवते. भिंत लांबवर सारखी झिजत गेली असेल तर कडच नाही, मग परत फिरायला काही नाही. रेघ सपाट, स्वच्छ. कॅलिफोर्नियातली रिचमंडची शेव्हरॉन रिफायनरी, ६ ऑगस्ट २०१२. गरम तेलातल्या गंधकाने आठ इंची पाइप आतून खाल्ला होता. फुटला त्या जागेजवळ भिंत ९० टक्क्यांच्या आसपास गेलेली. आजूबाजूच्या गावांतले सुमारे पंधरा हजार लोक दवाखान्यात गेले. त्या तुकड्याच्या पोलादात सिलिकॉन कमी होतं म्हणून तो शेजारच्या एल्बोंपेक्षा फार वेगाने झिजला, आणि जाडी वर्षानुवर्षं मोजली जात होती ती त्या एल्बोंवर. अशा झिजेला प्रत्येक तुकड्यावर प्रोब टेकवणं हाच उपाय. कॉलर बांधून सुटका नाही.

चिऱ्याचा_वाडा

मी यातला नाही, वाचतोय फक्त. लहानपणी रुळाला कान लावून गाडी येतेय का ऐकायचो, तसंच हे दिसतंय. एक विचारतो. आंध्रात नगरमला २०१४ मध्ये गॅसची पाइपलाइन फुटून गावात आग लागली होती, वीसहून अधिक माणसं गेली. ती अशा तपासणीने वाचली असती का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मुक्काम रुवैस

२७ जून २०१४, गेलची १८ इंची लाइन. गॅसबरोबर पाणी आणि कंडेन्सेट (गॅसमधून सुटणारं पातळ तेल) जात होतं आणि आतून गंज लागला होता.

पण प्रश्नाचं उत्तर 'हे हत्यार तिथलं नाही' असं आहे. शेतातून मैलोन्मैल पुरलेल्या लाइनला दर काही मीटरवर खड्डा खणून कॉलर बांधणं कुणाला परवडेल? तिथे पाइपच्या आतून पिग (तपासणीचं सरकतं यंत्र) सोडतात. तो गॅसच्या दाबाने पुढे सरकतो, भिंतीला चुंबकाने भारित करतो आणि धातू कमी झाला तिथे चुंबकीय क्षेत्र भिंतीबाहेर सांडतं ते टिपत जातो. गायडेड वेव्ह लागते जिथे पिग जाऊ शकत नाही तिथे. व्यास बदलणारे तुकडे, पिग सोडायला-काढायला सोय नसलेल्या लाइनी, जेटीवरचे पाइप, स्टेशनच्या आतली नळ्यांची गुंतागुंत. आणि नगरमच्या लाइनीचं पहिलं औषध गॅसमधलं पाणी काढणं हे होतं. तपासणीचा नंबर त्यानंतर.

रुळाचं उदाहरण चांगलं आहे. फरक एवढाच की इथे गाडी आपणच सोडतो आणि ती कशाला धडकून परत आली ते ऐकतो.

नवशिकी

आमच्याकडे दुसरी एक एजन्सी येते ती कॉलरऐवजी पातळ धातूची पट्टी इपॉक्सीने चिकटवते आणि वर कॉइल गुंडाळते. ते हेच का?

तरंग

लाट तीच, निर्माण करायची रीत वेगळी. चुंबकीय क्षेत्रात काही धातूंची लांबी किंचित बदलते. जूल यांनी हे १८४० च्या दशकात लोखंडात पाहिलं. पट्टी बहुधा लोखंड-कोबाल्टची असते कारण तिच्यात हा परिणाम जास्त. पट्टी ताणली-आखडली की चिकटलेला पाइपही हलतो. अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटने ही रीत वाढवली.

मुक्काम रुवैस

पट्टी नीट चिकटली नाही तर सगळंच वाया, म्हणून घासकाम चांगलं करून घ्या. मात्र ती तिथेच ठेवून देता येते हा फायदा. पुरलेल्या जागी पट्टी किंवा कायमची रिंग बसवून वायर वर काढून ठेवतात आणि दर सहा महिन्यांनी तोच ट्रेस घेऊन जुन्यातून वजा करतात. वेल्ड, सपोर्ट सगळे वजा होतात आणि नवीन झालेली झीज तेवढी उरते. ५ टक्क्यांपेक्षा बरंच लहान काही पकडायचं तर हाच मार्ग. फक्त तापमान बदललं की वेग किंचित बदलतो, त्याची दुरुस्ती केली नाही तर वजाबाकीत भुतं दिसतात.

नवशिकी

शेवटचा प्रश्न (खरंच शेवटचा). पुढच्या शटडाऊनआधी निविदेचा मसुदा मला करायचाय. काय लिहू?

परांचीवाला

जमिनीवरच्या पाइपांसाठी आयएसओ १८२११ आणि एएसटीएम ई २७७५ आहेत, पट्टीवाल्या प्रकाराला ई २९२९. नुसतं 'मानकांनुसार' लिहून सोडू नका. प्रत्येक कॉलरच्या जागेला, प्रत्येक दिशेला, खरोखर किती मीटरपर्यंत नोंदपातळी वाचता आली तो आकडा मागा. रिपोर्टमध्ये नेमका तोच गाळलेला असतो आणि ड्रॉइंगवर अख्खी लाइन हिरवी रंगवलेली असते. ज्या भागापर्यंत लाट पोचली नाही तो वेगळ्या रंगात हवा. एकाहून जास्त वारंवारतांचे मूळ ट्रेस, कच्ची फाइल, ओळखलेल्या प्रत्येक वेल्डचं अंतर. शंकेच्या प्रत्येक जागी पुढचं काम कोणतं ते निविदेतच ठरवा: खिडकी कापून जाडी मोजायची, की क्लॅडिंगवरूनच पल्स्ड एडी करंट (चुंबकीय ठोक्यांनी जाडीचा अंदाज घेणं) लावायचा, की बाजूने रेडिओग्राफी (एक्स-रेसारखा फोटो). नाहीतर एजन्सी जाते, आठ खुणा राहतात आणि कुणाच्याच बजेटमध्ये त्या बसत नाहीत.

आणखी एक. दोन-तीन जागा अशा निवडा जिथे रिपोर्ट 'काही नाही' म्हणतोय, आणि त्या मुद्दाम उघडा. एजन्सीला आधी सांगू नका.

हिशेबनीस

हे शेवटचं मी माझ्या मसुद्यात उचलतोय.

नवशिकी

धन्यवाद सगळ्यांना. आमच्या काही लाइनी स्टेनलेस ३०४ च्या आहेत, इन्सुलेशनखाली. त्याही यादीत टाकू ना?

परांचीवाला

कार्बन स्टीलच्या यादीत नको. ३०४ ला मिठाच्या ओलाव्यात, साधारण ६० अंशांच्या वर, बारीक तडे जातात. धातू जवळजवळ कमी होतच नाही, क्षेत्रफळ तेवढंच राहतं, आणि तडा पाइपच्या लांबीने गेला असेल तर पिळाची लाट त्याच्या बाजूने निघून जाते. तिथे इन्सुलेशन काढून डाय पेनेट्रंटच (रंगीत द्रव मुरवून तडे शोधणं) करावं लागेल. क्लॅडिंगचे सांधे जिथे उघडे पडलेत तिथून सुरुवात करा.